विश्लेषण : विरारमध्ये रात्री सायकल न्यायची कुठे? नकाशाआधी तिथी बघा

चर्चगेटहून सुटलेली लोकल रात्री विरारला रिकामी होते, तेव्हा घड्याळात साडेआठ-नऊ झालेले असतात. घरी जेवण आटोपेपर्यंत साडेनऊ. सकाळी पुन्हा सहाची गाडी. सायकलची हौस असलेल्या इथल्या नोकरदाराला ‘पहाटेची फेरी’ फक्त रविवारी परवडते. बाकीच्या दिवशी उरते ती रात्र.

रात्री रस्त्यावर जावं, तर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ट्रेलर आणि डंपर असतात आणि शहरात खोदलेले रस्ते. म्हणून मग प्रश्न येतो तो डांबर सोडून जाण्याचा. मातीची वाट, वाळू, बांध, मुरमाचा रस्ता.

या बाबतीत विरार नशीबवान आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला जीवदानीचा डोंगर आणि त्यामागे तुंगारेश्वरचं जंगल, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला नायगाव-वसईकडची मिठागरं. स्टेशनपासून कुठल्याही दिशेला तासाभरात डांबर संपतं. पण दिवसा मोकळी दिसणारी यातली प्रत्येक वाट रात्री मोकळी असतेच असं नाही. एका दिशेला कायदा आडवा येतो, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे एखाद्याची मालकी. हे ॲपच्या नकाशावर दिसत नाही. मला ते कसं कळलं ते पुढे सांगतो. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

ॲपवरच्या रेषेवर किती विसंबायचं?

सुरुवात सगळे तिथूनच करतात आणि त्यात चूक नाही. गुगलच्या उपग्रह छायाचित्रात शेताच्या कडेची फिकट पट्टी दिसते. ओपनस्ट्रीटमॅपवर पायवाटा आणि कच्चे रस्ते तुटक रेषांनी वेगळे दाखवलेले असतात. स्ट्राव्हाच्या ‘हीटमॅप’वर ज्या वाटेने जास्त लोक गेले ती जास्त उजळ दिसते. २०२४ मध्ये स्ट्राव्हाने पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी रात्रीचा वेगळा हीटमॅपही आणला. त्यात फक्त सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या हालचाली मोजल्या जातात. रात्री लोक खरंच कुठे फिरतात हे त्यातून समजावं, हा हेतू.

हेतू चांगला आहे, पण विरारसाठी या नकाशात एक मोठी गोम आहे. ज्याच्याकडे ॲप आहे त्याचीच नोंद होते. पहाटे तीनला होडीवर जाणारा मच्छीमार किंवा पारोळ-भाताणे पट्ट्यात शेतावर राखणीला जाणारा शेतकरी त्यात नसतो. उलट, कुणी एकदा हट्टाने जंगलात घुसून आला असेल तर त्याची रेष दिसू शकते. म्हणजे चालती वाट काळी आणि बंद वाट उजळ, असंही होऊ शकतं. ॲपवरची रेष म्हणजे ‘इथून कुणीतरी गेलं होतं’ इतकंच. ती परवानगी नसते.

तुंगारेश्वर रात्री का नको?

माउंटन बाइक घेतलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पहिलं नाव तुंगारेश्वरचं येतं. लाल माती, ओढ्यांचे गोटे, मंदिराकडे चढत जाणारी वाट. दिवसा, नियम पाळून आणि प्रवेशशुल्क भरून जरूर जा. रात्री नाही.

तुंगारेश्वर २००३ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात कोण जाऊ शकतं याची यादी ठरलेली आहे: कामावरचे सरकारी कर्मचारी, परवानगी मिळालेले, आतल्या जमिनीवर हक्क असलेले आणि सार्वजनिक महामार्गावरून पलीकडे जाणारे. जंगलातली पायवाट म्हणजे सार्वजनिक महामार्ग नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंड बाजूला ठेवला तरी दुसरं कारण उरतंच. हे जंगल एकाकी नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांच्यामधला तो दुवा आहे आणि बिबट्यांची ये-जा त्यातून होते. रात्र ही त्यांची कामाची वेळ. आपली फक्त हौस.

बिबट्या जंगलापुरताच, असंही समजू नका. मार्च २०२४ च्या अखेरीस वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला आणि एप्रिलमध्ये वनविभागाने त्याला पिंजऱ्यात पकडलं. म्हणजे पार पश्चिमेच्या टोकाला, खाडीच्या काठावर. त्यामुळे झाडी असलेल्या कुठल्याही वाटेवर रात्री एकट्याने जायचं नाही, गप्पा मारत जायचं आणि अंधारात पंक्चर काढायला खाली वाकून बसायचं नाही. बसलेला माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखा दिसू शकतो. सायकल हाताने ढकलत उजेडात आणायची आणि मग काय ते करायचं.

जीवदानीच्या पायथ्याशी, फुलपाड्याकडून पापडखिंड धरणाच्या बाजूला जाणाऱ्या वाटांनाही हेच लागू. वस्ती जवळ आहे म्हणून जंगल लांब आहे, असं विरार पूर्वेला म्हणता येत नाही.

मग समुद्र. तो तर मोकळाच आहे ना?

इथेच आम्ही फसलो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजचे आम्ही तीन मित्र, तिघेही इंजिनीअर, तिघांकडेही जाड टायरच्या सायकली. ठरलं, की पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावरून जायचं. राजोडीला वाळूत उतरायचं आणि अर्नाळ्याच्या दिशेने जाऊन परत यायचं. चांदणं असेल, दिव्याचीही गरज पडणार नाही. यापेक्षा चांगली रात्र कुठली?

साडेआठला उतरलो तेव्हा ओली, घट्ट वाळू ऐसपैस होती. चाक जेमतेम बोटभर उमटत होतं. वाटेत किनारा कापत जाणारा एक ओहोळ लागला. घोट्याइतकं पाणी. सायकली उचलून पार केला, फोटो काढले. पुढे सुरूच्या झाडांखाली चहा-बिस्किटं झाली. परत फिरलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि घट्ट वाळूची पट्टी नाहीशी झाली होती. लाटा जवळजवळ कोरड्या वाळूपर्यंत आल्या होत्या. कोरड्या वाळूत चाक रुततं, म्हणून सायकली ढकलत निघालो. नांगराच्या दोरांत दोनदा पाय अडकला. ओहोळापाशी पोहोचलो तर तो ओहोळ राहिलेला नव्हता. समुद्राचं पाणी त्यात उलटं शिरत होतं आणि कमरेइतकं तरी दिसत होतं. आमच्यातला एक जण सायकल डोक्यावर घेऊन उतरायच्या बेतात होता.

वरच्या बाजूला जाळं आवरत बसलेल्या एका काकांनी हाक मारली. “कुठं निघालास पोरा? आज पुनव हाय. बारा वाजता पाणी भरतंय. शाळेत शिकवत नाय का?”

शिकवलं होतं. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण, आकृतीसकट. परीक्षेत गुणही मिळाले होते. पण त्याचा राजोडीच्या वाळूशी संबंध आहे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

काकांनी आम्हाला वाडीतून मागच्या रस्त्याला काढून दिलं आणि जाता जाता कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सांगितला.

हा हिशेब काय आहे?

तिथीचा पाऊणपट करा. जो आकडा येईल ती भरतीची वेळ.

पंचमी असेल तर ५ चा पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीनंतर पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला १५ चा पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. म्हणून भरतीनंतर किंवा भरतीआधी सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे नेमकी वेळ मुंबईच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातच पाहायची. पण रात्र निवडायला हा हिशेब पुरतो.

आता यातली मेख बघा. मुंबई-विरारच्या किनाऱ्यावर चंद्र माथ्यावर येतो त्या सुमारास भरती असते आणि चंद्र क्षितिजाजवळ असतो तेव्हा ओहोटी. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री माथ्यावर येतो. म्हणजे चांदणं जेव्हा सर्वांत भरात असतं, नेमकी तेव्हाच वाळू पाण्याखाली जाते. ‘पौर्णिमेची किनाऱ्यावरची राइड’ ही ऐकायला सर्वांत सुंदर आणि हिशेबाने सर्वांत चुकीची कल्पना आहे.

त्यात पौर्णिमेला उधाण. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडू शकतो. हे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. नाविकांचा बारा भागांचा ठोकताळा आहे: पहिल्या तासात एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. आमच्या रात्री ओहोटी सहाच्या सुमारास होऊन गेली होती. म्हणजे तिसरा-चौथा तास आठ ते दहा. अगदी आमच्या चहाची वेळ. चार मीटरचं निम्मं दोन मीटर. किनाऱ्याचा उतार दर ५० मीटरला एक मीटर धरला तर दोन तासांत पाणी १०० मीटर आत येतं. ती घट्ट वाळू कुठे गेली, याचं उत्तर इतकं सोपं होतं.

मग किनाऱ्यावर जायची रात्र कुठली?

संकष्टी चतुर्थी.

४ चा पाऊणपट ३. रात्री तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. चंद्रोदयही साधारण त्याच वेळेला, आणि तो तर प्रत्येक घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेला असतो. उपास सोडण्यासाठी लोक जी वेळ बघतात, तीच आपल्यासाठी घट्ट वाळूची वेळ. चंद्र उगवतो पूर्वेला, तुंगारेश्वरच्या बाजूने, आणि पुढचा दीड तास वाळू तुमची. वद्य पंचमी-षष्ठीही चालते. तेव्हा सगळं पाऊण-पाऊण तास उशिरा. शुद्ध पक्षातल्या चतुर्थी ते षष्ठीलाही ओहोटी याच वेळी मिळते. फक्त चंद्र मावळतीकडे झुकलेला असतो आणि उजेड कमी.

नियम इतकाच, की ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत वाळू सोडायची. वाटेत ओहोळ असेल तर येताना तो पुन्हा ओलांडावा लागणार, हे जातानाच लक्षात ठेवायचं.

कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा ही पश्चिमेची किनाऱ्याची ओळ. सगळीकडे वाळू सारखी नाही आणि सगळीकडे रात्री जाणं बरंही नाही. अर्नाळ्याजवळ आणि कोळीवाड्यांसमोर होड्या ओढलेल्या असतात. त्यांचे दोर अंधारात दिसत नाहीत. बोंबील सुकवायच्या वलांडीही असतात. तिथे सायकलवरून उतरून, मागच्या रस्त्याने जायचं. ती त्यांची कामाची जागा आहे, आपला ट्रॅक नाही. पावसाळ्यात किनारा विसरा. प्रशासन अनेकदा मनाईचे आदेश काढतंच. आदेश नसला तरी समुद्र तोच असतो.

मिठागरांचे बांध कसे?

फोटोत अप्रतिम. सपाट, सरळ, दोन्ही बाजूंना पाण्यात आभाळ. पण हे बांध म्हणजे रस्ते नाहीत. पाणी अडवण्यासाठी हाताने घातलेली ती मातीची भिंत आहे. चाकाच्या चरीतून पाणी पाझरायला लागलं तर शिलोत्र्याचं आणि मजुरांचं अख्खं काम बिघडतं. विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि विचारायला रात्री तिथे कुणी नसतं. माझ्या यादीतून मी मिठागरं काढून टाकली आहेत.

महामार्गापलीकडचा पट्टा?

खरं तर पायाखाली माती हवी असेल तर विरारकरांसाठी सर्वांत चांगला भाग हाच: शिरसाडच्या पुढे, पारोळ, भाताणे, आडणे, मेढे ही गावं. भातकापणी झाली की शेतं मोकळी होतात आणि गावागावांना जोडणारे मुरमाचे रस्ते, गाडीवाटा उघड्या पडतात. दिवाळी ते होळी हा हंगाम. पावसात इथे चिखल आणि साप. मण्यार तर रात्रीच बाहेर पडणारा साप.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली तिथवर पोहोचण्याची. महामार्ग ओलांडणं आणि शिरसाड-वज्रेश्वरी रस्त्यावरची अवजड वाहनं हा या सगळ्या लेखातला सर्वांत धोकादायक तुकडा आहे, बिबट्यापेक्षाही. शक्य असेल तर सायकल टेम्पोत टाकून गावापर्यंत न्या आणि तिथून सुरुवात करा. वैतरणेच्या काठाकडे जाणाऱ्या वाटांवर रात्री रेतीचे डंपर धावतात. तिकडे वळू नका.

दुसरी अडचण माणसांची, आणि ती आपल्या बाजूने आहे. रात्री अकराला शेतात हलणारे तीन पांढरे दिवे गावातून कसे दिसत असतील? चोरांसारखे. याच पालघर जिल्ह्यात १६ एप्रिल २०२० ला डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवांच्या वातावरणात जमावाने तिघांचा जीव घेतला. ती घटना टोकाची होती. पण रात्रीच्या अनोळखी माणसाबद्दलची भीती गावागावांत खरी असते आणि ती घालवायची जबाबदारी आलेल्याची आहे.

म्हणून पहिली फेरी दिवसा. टपरीवर चहा घ्या, कुठून आलात ते सांगा, पोलीस पाटलांना भेटा, ‘अमुक रात्री आम्ही चौघे या वाटेने जाऊ’ असं कळवून ठेवा. या पट्ट्यात मी जितक्यांना विचारलं त्यातल्या कुणीही नाही म्हटलं नाही. उलट कुठे विहीर उघडी आहे, कुठे कुंपणाची तार नवी बांधली आहे, कुणाचा कुत्रा सुटलेला असतो, हे सगळं आपणहून सांगितलं. उघड्या विहिरीची नोंद कुठल्याही ॲपमध्ये नाही. रात्री कुणी अडवलं तर थांबायचं, दिवा जमिनीकडे करायचा, हेल्मेट काढून तोंड दाखवायचं आणि आधी आपण बोलायचं. कुत्रे मागे लागले तरीही तेच. वेग वाढवायचा नाही, उतरायचं आणि सायकल मध्ये ठेवून चालायचं.

उत्तरेकडे आता नवा मार्ग उघडला आहे. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे सफाळ्याच्या बाजूला खारवाडेश्रीपर्यंत रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने मोठा वळसा पडतो ते अंतर पाण्यावरून काही मिनिटांचं. सफाळे-केळवे पट्ट्यात उतरलं की गर्दीच संपते. फक्त शेवटच्या फेरीची वेळ पाहून निघा, नाहीतर परतीचा वळसा सायकलवर.

दिवा आणि हवा

हेल्मेटवर एकच मोठा दिवा लावणारे खूप आहेत. तो डोळ्यांच्याच रेषेत असतो. त्यामुळे खड्ड्याची सावली खड्ड्यामागेच लपते आणि सगळी वाट सपाट दिसते. हँडलवरचा दिवा खालून तिरका उजेड टाकतो, सावल्या लांबतात, दगड आणि खड्डा उठून दिसतो. एकच दिवा परवडत असेल तर हँडलवर लावा. मागे लाल दिवा हवाच.

उजेड किती लांब पडावा? ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. अंधारात दिसणं, समजणं आणि ब्रेक दाबणं यात दीड सेकंद गेला तर आठ मीटर. सुट्या मुरमावर थांबायला आणखी पाच. म्हणजे तेरा-चौदा मीटर. ताशी ३० ला हाच आकडा २४ मीटरवर जातो, लोकलच्या एका डब्यापेक्षा जास्त. बाजारातल्या बऱ्याच दिव्यांचा स्पष्ट झोत तेवढा जातच नाही. दिवा बदलण्यापेक्षा वेग कमी करणं स्वस्त.

टायरमधली हवाही कमी करा. मागच्या चाकावर ५० किलो भार धरला तर ६० पीएसआयला टायर जमिनीवर साधारण १२ चौरस सेंटीमीटर टेकतो, ३० ला दुप्पट. वाळूत फरक पडतो तो यानेच. डांबरावर परतण्याआधी भरायला छोटा पंप बरोबर ठेवा.

आणि किनाऱ्यावरून आलात तर त्याच रात्री चेन गोड्या पाण्याने पुसा. सकाळपर्यंत थांबलं की तांबूस थर दिसायला लागतो. मी पहिल्यांदा रात्री साडेबाराला सोसायटीच्या नळाखाली सायकल धरली तेव्हा वॉचमनकाका धावत आले. बिबट्याच्या भीतीने नव्हे, टँकरच्या पाण्यासाठी. तेव्हापासून अर्धी बादली आणि जुनं फडकं. पुरतं.